तंबाखू खाणारं लिंबाचं झाड

आमच्या घरात तंबाखूचं व्यसन एकट्या लिंबाच्या झाडाला होतं. ते मीच लावलं.

झाड कागदी लिंबाचं, बेळगावातल्या आमच्या घराच्या परसात. त्या वर्षी त्याच्यावर मावा पडला, फांद्यांना खवल्यांची कीड चिकटली आणि पानं चुलीमागच्या भिंतीसारखी काळी झाली. एरवी मी तिकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण माझ्या धाकट्या बहिणीला, गोदूला बघायला निपाणीहून पाहुणे येणार होते, आणि मध्यस्थापुढे मी बढाई मारून बसलो होतो की सरबताला लिंबं घरचीच! आधीची सोयरीकही माझ्याच तोंडामुळे फिसकटली होती (मुलाच्या थोरल्या भावाला मी मुलाचे वडील समजून नमस्कार केला होता!). आईनं बजावलं, "ह्या खेपंला घोळ घातलास तर बघ. पोरीचं वय काय थांबत न्हाय तुझ्यासाठी."

शेतकी खात्याच्या पत्रकात कीड घालवायला दोन औषधं दिली होती: साबणाच्या पाण्यात घुसळलेलं रॉकेल, किंवा तंबाखूचा काढा. कचेरीतला कारकून मी, एका औषधावर माझं समाधान कसं व्हावं? मी दोन्ही केली. तीही पाहुणे यायच्या दिवशी सकाळी! रॉकेल काही केल्या पाण्यात मिसळेना, म्हणून आईची ताकाची रवी पळवली. घुसळून घुसळून सगळं पांढरंशुभ्र, दाट झालं. इतकं झकास ताक आमच्या घरात आजवर झालं नव्हतं.

मग न्हाणीतल्या हंड्यात तंबाखू उकळला. वास परसातून माजघरात आणि माजघरातून सोप्यात गेला.

"अण्णा, काय शिजवायलास रं हे?" गोदू खोकत बाहेर आली.

"किडीचं औषध."

"कीड मरायच्या आधी आम्हीच मरतो बघ!"

मी दोन्ही औषधं एकत्र ओतली आणि रंगपंचमीच्या पितळी पिचकारीनं झाडाला न्हाऊ घातलं. तेवढ्यात पाहुणे आलेच.

मुलाचे वडील आप्पा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. डोक्याला पांढराधोट फेटा. वखारीत तंबाखूच्या थप्प्या, पण घरात कुणी चिमूटभर खाल्लेला खपायचा नाही! आप्पा उंबऱ्यातच थबकले आणि त्यांनी नाक वर केलं.

"तंबाखू कोण खातंय?"

"कोण न्हाय, आप्पा!" मी म्हणालो.

"माझा जलम तंबाखूत गेला. हा एका माणसाचा वास न्हाय. सगळं घर खातंय!"

"न्हाय हो, झाड खातंय!"

"काय खातंय?"

"लिंबाचं झाड. परसातलं."

आप्पा मध्यस्थाकडे वळले. "पोरगा पितोय बी वाटतं."

आईचा चेहरा उतरला. आत गोदूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आप्पा वहाणा शोधू लागले. "दाखवतो, दाखवतो!" म्हणत मी त्यांना जवळजवळ ओढतच परसात नेलं.

आप्पा झाडापाशी जाऊन पानं निरखू लागले. मी पिचकारी भरून दट्ट्या दाबला. थेंबही येईना! (काढा गाळून घ्यायचा असतो. पत्रकात तसं होतं, पण तेवढं वाचायला मला सवड झाली नव्हती.) तोटीत चोथा अडकला होता. "आता बघा!" म्हणून मी पिचकारी पोटाशी धरली आणि होता नव्हता तो जोर लावला.

तोटीच सुटली! ती गेली शेजाऱ्यांच्या कौलांवर, आणि पिचकारीतलं सगळं औषध आप्पांच्या फेट्यावर. रॉकेल आणि तंबाखू आप्पांच्या मिशांवरून ठिबकत होतं.

एवढ्यात गोदू पदर खोचून बाहेर आली. तिनं खरं तर खाली मान घालून पोहे घेऊन यायचं होतं!

"मामा, डोळं मिटा. फेटा द्या इकडं. कुणी बिडी पेटवू नका! अण्णा, ती पिचकारी ठेव खाली, आणि भिंतीकडं तोंड करून हुबा ऱ्हा."

मी उभा राहिलो. आप्पांनीही निमूट डोळे मिटले. तिनं फेटा सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि त्यांच्यापुढे गरम पाणी, शिकेकाई आणि धुतलेला पंचा ठेवला.

न्हाऊन आप्पा सोप्यात बसले. पोहे खाल्ले. घरच्या लिंबाच्या सरबताचा मात्र नुसता वास घेतला आणि पेला माझ्याकडे सरकवला. "हे तुम्हीच घ्या." मी घेतलं. त्या सरबताला दिवासुद्धा लागला असता!

आईनं रडवेल्या आवाजात विचारलं, "मग... पोरीचं काय?"

"पोरगी पसंत," आप्पा म्हणाले. "असल्या भावासंगं जिनं इतकी वर्सं काढली, ती आमच्यात डोळं झाकून नांदंल."

गोदूचं लग्न झालं. झाडाची कीडही गेली, कारण तिला बसायला एक पान उरलं नाही. आणि मी निपाणीला बहिणीकडे गेलो, की आप्पा मला दारात बघून आधी फेटा काढून आत ठेवून येतात. मगच म्हणतात, "या, या, पावणं!"