उधाणाच्या दिवशी कोणाला बांधायचं नाही

काकी गेली तेव्हा आभाळात एकही ढग नव्हता.

सर्वपित्री अमावास्या. भर दुपार. पाऊस नाही, वारा नाही.
आणि आमच्या अंगणात खाडी.

पेणच्या खाडीकाठी वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारी चढते. बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतातून थेट घरात येतं. पाऊस लागतच नाही त्याला.

आज नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं गाव एकच म्हणतंय, भागीकाकी स्वतःच्या चुकीनं गेली.
त्याबद्दलच लिहायचंय.

काकी म्हणजे बाबांची चुलत वहिनी. घर शेजारी, अंगण एकच. जन्म मिठागरात गेला. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. दोन शेळ्या, पाच कोंबड्या, एक मांजर आणि बंड्या नावाचा कुत्रा, एवढा संसार.

लहानपणी एका उधाणानंतर तिनं दाव्याला बांधलेली गाय बघितली होती. पाणी ओसरल्यावर.
त्यापुढचं ती कधी बोलली नाही.

म्हणून तिची ड्रिल. हो, ड्रिलच.

दर उधाणाला अकरा वाजता ती दावी सोडायची, थाळी वाजवायची आणि सगळ्यांना घेऊन टेकाडावरच्या शाळेत जायची. तिथे व्हरांड्यात भात मिळायचा, त्यामुळे शेळ्यांनाही रस्ता पाठ. मांजर वर्षभर झाकणाच्या टोपलीतच झोपायचं, म्हणजे ऐनवेळी पकडापकडी नको. खुंटीला पिशवी तयार. सुकट, तांदूळ आणि गोड्या पाण्याच्या चार बाटल्या.

"माणूस पाणी मागून घेल. मुका जीव कोणाकं मागंल?"

लोक म्हणायचे, निघाली भागीची वरात. मीही हसायचे. दहावीत होते, मैत्रिणींसमोर लाज वाटायची.

तिचा नियम एकच. उधाणाच्या दिवशी कोणाला बांधायचं नाही.
"भिजल्याली गाठ सुटत नाय गो."

त्या दिवशी अख्खी आळी पितरांच्या स्वयंपाकात. वडे, खीर, भाजी. बंड्या सारखा पानाभोवती घुटमळत होता. आई म्हणाली, "पितरांच्या पानाला तोंड लावील हा. लक्ष ठेव."

लक्ष कोण ठेवणार? मी त्याला घरामागच्या खांबाला बांधलं. दोन गाठी मारून.

अकराला काकी निघाली. बंड्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी, आपला आपण जायचा. म्हणून तिनं मागे वळून बघितलं नाही.

आम्ही कुंपणावर पान ठेवून कावळ्याची वाट बघत होतो. कावळा येईना. अख्ख्या आळीत प्रत्येक कुंपणावर पान, प्रत्येक पानामागे माणसं, सगळी काव काव करतायत.
आणि एकही कावळा नाही. एकही पक्षी नाही.

मग मी खाली बघितलं. अंगणातल्या खेकड्यांच्या बिळांतून पाणी वर येत होतं.
आवाज न करता.

कोणीतरी ओरडलं, खांड गेली. आम्ही होतो तसे शाळेकडे पळालो. बंड्या माझ्या डोक्यात आलाच नाही. खरंच नाही.

व्हरांड्यात काकी आपली जनावरं मोजत होती. मला बघून हळूच म्हणाली, "बंड्या कुठं हाय?"
मी घराकडे बघितलं.
"तू बांधलास?"
मी मान हलवली.
"बरं. रडू नको. आलेच मी."

एवढंच. ना शिवी, ना डोळे वटारणं.

रस्त्यातल्या मोरीपाशी, नाल्यावरच्या छोट्या पुलाशी, ती घसरली. टेकाडावरून तिघांनी बघितलं. पाण्याला ओढ होती, कोणाला जाता आलं नाही. घरापर्यंत ती पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी सापडली ती मोरीच्या शाळेकडच्या बाजूलाच.

पण ती घसरल्यावर अर्ध्या तासानं बंड्या आला.

लोक म्हणाले, दोरी तोडून आला.
दोरी तुटलेली नव्हती. पूर्ण होती. नीट गुंडाळून त्याच्या पट्ट्यात खोचलेली. कशात अडकू नये म्हणून काकी खोचायची, अगदी तशी.

तो एकटा आला, पण एकटा असल्यासारखा चालत नव्हता. पायरीशी थांबला, मागे बघितलं, बाजूला सरकून कोणाला तरी वाट दिली.
शेळ्या उठून उभ्या राहिल्या.
मी भिंतीला पाठ लावून बसले.

माझ्या गाठी कोणी सोडल्या, मला माहीत नाही. मी सायन्स शिकलेली, भुताखेतांवर विश्वास नाही. पण ती दोरी मी या हातांनी पट्ट्यातून काढली.

गावानं सोपा अर्थ लावला. जन्मभर दुसऱ्यांना शिकवत होती आणि ऐनवेळी स्वतःच कुत्रा बांधून विसरली. मी गप्प राहिले. आधी भीतीनं. मग सवयीनं.

आता मी रोह्याला असते. गेल्या थंडीत बंड्याही गेला, म्हातारा होऊन. काल भावकीच्या ग्रुपवर उधाणाचा इशारा आला. खाली चुलतभावानं लिहिलं, "जनावरं सोडा रे, भागीकाकीसारखं विसरू नका."
खाली अकरा जण हसले. त्यात माझी आईपण.

आई, आता वाच.

काकी विसरली नव्हती. बंड्याला मी बांधलं होतं. तिला हे शाळेतच कळलं होतं. तिथल्या पन्नास माणसांदेखत ती माझं नाव घेऊ शकत होती. नाही घेतलं. गुपचूप पाण्यात उतरली.

ग्रुपवरही ही पोस्ट मीच टाकतेय. ज्याला हसायचंय त्यानं आता मला हसावं.

काकी, उशीर झाला गो. माफ कर.
तुझी पोर तुला हात जोडते.