अर्धा चेहरा संपावर

“कपाळाला आठ्या घाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घातल्या. डावीकडे पडल्या. उजवीकडचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट.

“छान!” त्या इतक्या खुशीत म्हणाल्या, की मला वाटलं आता मुकुटच घालतात. मग त्यांनी माझे हातपाय तपासले. “ताकद शाबूत आहे. हा अर्धांगवायू नाही. तुम्हाला बेल्स पाल्सी झालीय.”

बेल्स पाल्सी म्हणजे चेहरा हलवणारी नस कानामागे सुजते आणि अर्धा चेहरा संपावर जातो. अर्धांगवायूत कपाळाला बहुधा दोन्हीकडे आठी पडते. माझ्या उजवीकडे पडत नव्हती, म्हणून बाई खूश. आठी पडू नये म्हणून आयुष्यभर क्रीम चोपडलेली मी त्या दिवशी एका आठीसाठी आसुसले होते.

दोन दिवस कानामागे ठणका होता. त्या सकाळी चूळ भरली, ती बेसिनऐवजी आरशावर गेली. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गाऊनवर. उजवा डोळा मिटेना.

वालूरहून माझ्याकडे राहायला आलेली आई किंचाळली, “तोंडावरून वारं गेलं गं माय!”

शेजारच्या काकू कबुतर घेऊन हजर. वारं गेलं की तोंडाला कबुतराचं रक्त चोळायचं, हा आमच्याकडचा जुना इलाज. मी कबुतराकडे पाहिलं, कबुतराने माझ्याकडे. दवाखाना बरा, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं.

दवाखान्यात बायांच्या बाकड्यावर एक आजी सरकल्या. “बस गं. तुला काय झालंय?”

“तोंडावरून वारं गेलंय, आजी.”

“आन् लिपस्टिक अर्धीच का लावली?”

“उरलेला ओठ ऐकंना.”

सगळं बाकडं हसलं. मीही हसले, अर्धी.

पण एक अडचण होती. मी मॉडेल. पुण्या-मुंबईत रॅम्पवर पुष्कळ चालले. परभणीत मात्र लोक मला ओळखायचे ते तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी कलेक्टर कचेरीसमोर घसा ताणणारी म्हणून. आता पहिल्यांदाच आपल्या माणसांसमोर चालायचं होतं. साड्यांचा शो महिन्यावर आला होता, आणि अशा वेळी चेहऱ्याने दगा दिला.

“शो रद्द करते,” मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

“रॅम्पवर तोंडाने चालता का?” त्यांनी विचारलं.

मग स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या नसेची सूज उतरवतात, पण साखर वाढवतात, म्हणून आधी रक्त तपासलं. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, म्हणून दिवसा थेंब, झोपताना पट्टी. “बहुतेकांचं सुधारतं. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. घाई करू नका.”

तुमच्यापैकी कुणाचं तोंड असं अचानक वाकडं झालं, तर लगेच दवाखाना गाठा. हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर वाटेत कुणाला फोनसुद्धा करत बसू नका. तो अर्धांगवायू असू शकतो. आणि बेल्स पाल्सी निघाली तरी गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच जास्त लागू पडतात. कबुतराला सुखाने जगू द्या.

घरी व्यायाम सुरू झाले. गाल फुगवायचे, भुवया उडवायच्या, शीळ घालायची. एकटीला कंटाळा येईल म्हणून आई समोर बसायची आणि माझ्याबरोबर सगळं करायची. आमच्या घराण्यात बाईनं शीळ घातल्याची नोंद नाही. आईनं एके दुपारी अशी घातली, की समोरच्या वकिलांनी खिडकी उघडली.

“तुमाला न्हाई,” आई ओरडली, “लेकीला शिकवायलेय!”

माझी शीळ अर्ध्यात राहिली; ‘लेक’ म्हणाली होती ती मला, पहिल्यांदाच. मी साडी नेसायला लागल्यापासून आई माझ्याशी बोलायची ती खांद्याकडे बघून. आता ती रोज माझा चेहरा न्याहाळत होती. “आज उजवा कोपरा जरासा हलला बघ,” असं तिनंच सांगितलं, आरशाच्या आधी.

शोपर्यंत डोळा मिटू लागला. ओठ मात्र अजून हट्टाला पेटलेला. आयोजकांना मी आधीच बजावलं, “हसू अर्धंच मिळेल, चाल पूर्ण.” मोरपंखी पैठणी नेसले आणि निघाले.

पहिल्या रांगेत आईशेजारी पेडगावची एक पाहुणी होती. मी जवळून जाताना ती भल्या मोठ्यानं म्हणाली, “लय देखणी हाय, पन तोंड एका बाजूनं वाकडं दिसायलंय.”

“दिसू दे,” आई म्हणाली. “माझ्यावर गेलंय ते.”

इतक्या वर्षांत रॅम्पवर माझं पाऊल कधी चुकलं नव्हतं. तिथं चुकलं. टोकाला पोहोचले, वळले. ठरल्याप्रमाणे आता पडद्यामागे जायचं होतं.

पण मी मुद्दाम त्याच बाजूनं आणखी एक फेरी मारली. आई पुन्हा म्हणते का, ते ऐकायला.