व्हेनिसचा बसस्टॉप

सतरा देश फिरून आलेला, पण ज्याने युरोपातलं एकही शहर पाहिलेलं नाही असा माणूस या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो जाऊबाईंचे वडील म्हणून आमच्याच वाट्याला आला. नातं तसं वळसा घालून येणारं, पण नॉटिंगहॅममध्ये त्यांचं घर आमच्यापासून दोन बसस्टॉपवर, त्यामुळे मी त्यांना काका म्हणते आणि ते मला गृहीत धरतात. त्यांची खरी लेक लीड्सला. तिथून ती फोनवर काळजी करते आणि विमानतळावर सोडायला मी जाते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये लोकांची हाडं काळ्यापांढऱ्यात पाहिली, आता रंगीत काढायचं, असं म्हणून काकांनी रिटायर झाल्यावर जलरंग हातात घेतले. पण चित्राला स्फूर्ती लागते, आणि त्यांच्या मते ती इंग्लंडात मिळत नाही, समुद्र ओलांडावा लागतो. नेमकी तेव्हाच स्वस्त विमानांची टूम निघाली होती. मग काय, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

कुठे जायचं हे काका कधीच ठरवत नसत, ते तिकीट ठरवायचं. "काका, या खेपेला कुठे?" विचारलं की "स्वस्त असेल तिथे" एवढंच उत्तर. मग स्लोव्हाकियाही असायचं, लॅटव्हियाही. बॅगेचे वेगळे पैसे पडतात म्हणून ते बॅगच नेत नसत. तीन शर्ट एकावर एक चढवून वर एक कोट. त्या कोटाला त्यांनी आतून स्वतःच्या हाताने खिसे शिवले होते. एकात ब्रश, एकात रंगाच्या वड्या, एकात धपाटे, एकात मधुमेहाच्या गोळ्या. सिक्युरिटीला तो कोट रिकामा होईपर्यंत मागची रांग पार कॉफीच्या दुकानापर्यंत जायची. एकदा तिथल्या माणसाने लिंबाच्या लोणच्याची बाटली धरली, पातळ पदार्थ चालणार नाही म्हणाला. काकांनी एक फोड तोंडात टाकून लोणचं पातळ नसल्याचं चावून दाखवलं. लोणचं गेलंच, पण त्या माणसाने सॅल्यूट ठोकला. हे सगळं मी काचेपलीकडून, शिफ्टच्या युनिफॉर्ममध्ये, जांभया देत बघायची.

आता स्वस्त विमानाची गंमत अशी, की तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असतं आणि उतरवतात बिटाच्या शेतात. तिथून शहरात जायला बस, आणि बसचं भाडं विमानाहून जास्त. ही गोष्ट काकांच्या तत्त्वात बसेना. "समुद्र ओलांडायला एवढे आणि रस्त्याला त्याच्या दुप्पट? ही अनीती आहे," असं म्हणून ते विमानतळाबाहेरच्या बसस्टॉपवरच ठाण मांडत, समोर दिसेल ते चितारत आणि संध्याकाळच्या विमानाने परत येत. सतरा देशांचे सतरा बसस्टॉप त्यांच्या वहीत आहेत. हंगेरीतलं कुंपण आहे, पोर्तुगालमधली कचऱ्याची पेटी आहे, आणि खरं सांगते, ती पेटी फार सुरेख काढली आहे.

एकदा मीही गेले. तिकिटावर व्हेनिस होतं, आणि मला लहानपणापासून व्हेनिस बघायचं होतं. वॉर्डमध्ये लागोपाठ सहा शिफ्ट करून मी त्या विमानात बसले होते. मुलं नवऱ्याच्या गळ्यात टाकली होती. उतरल्यावर काका "जरा चौकशी करून येतो" म्हणून आत गेले आणि मी बाकावर टेकले. डोळे उघडले तेव्हा ऊन कलंडलं होतं, शेजारी बसून काका पिवळा रंग कालवत होते आणि परतीच्या विमानाला दोन तास उरले होते. "व्हेनिस?" मी विचारलं. "राहिलं," ते म्हणाले आणि धपाटं पुढे केलं. मी रागाने दोन खाल्ली. त्यानंतर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, घरोघरचे डबे एकत्र करून जेवायच्या प्रत्येक पॉटलकला मी तो किस्सा रंगवून सांगितला, काकांनी बसच्या भाड्यापायी माझं व्हेनिस कसं बुडवलं तो. लोक पोट धरून हसायचे. काकाही हसायचे.

दोनेक वर्षांनी मंडळाने गणपतीच्या आराशीला विषय घेतला 'युरोप दर्शन', आणि सतरा देश पाहिलेले चित्रकार घरचेच असल्यामुळे मूर्तीमागचा पडदा काकांकडे आला. आजवर त्यांचं चित्र लेकीनेसुद्धा भिंतीवर लावलं नव्हतं. काकांना झोप येईना. कमिटीला आयफेल टॉवर हवा, व्हेनिसची नाव हवी, आणि काकांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मी म्हटलं, अहो काका, कॅलेंडरवरून उतरवा की, कोणाला कळणार आहे? तर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कोणाच्या औषधात पाणी घालायला सांगितलं होतं. "जे पाहिलं नाही ते कसं काढू? एक्स-रे न काढता रिपोर्ट लिहिल्यासारखं होईल ते." माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. एवढी मोठी भिंत त्यांना परत मिळणार नव्हती, आणि जाऊबाई फोनवर म्हणत होत्या, बाबा सगळ्यांसमोर हसं करून घेणार.

चतुर्थीला शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागला. बाप्पाच्या मागे एक बसस्टॉप होता, मागे पिवळं शेत, आणि बाकावर मान टाकून झोपलेली एक बाई. एका पायातला बूट निसटलेला, गळ्यात हॉस्पिटलचं आयकार्ड तसंच राहिलेलं. सेक्रेटरी म्हणाले, "टॉवर कुठाय?" जाऊबाई लाल झाल्या. तेवढ्यात आरतीची वेळ झाली म्हणून बाकीचं बोलणं राहिलं. आरतीनंतर मात्र बायका प्रसाद हातात घेऊन त्या पडद्यापुढून हलेनात. एक डॉक्टरीणबाई आहेत, चाळीस वर्षं झाली त्यांना या देशात येऊन. त्या बराच वेळ बघत होत्या. "ही मीच गं," म्हणाल्या. मग दुसरी म्हणाली, नाही, मी. पण ते कार्ड माझं होतं. इतकी दमलेली दिसते मी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. राग आला आणि रडूही आलं.

विसर्जनानंतर पडदा उतरवताना काकांनी आपली वही माझ्याकडे धरायला दिली. पिवळ्या शेताच्या पानात बसची दोन तिकिटं होती, व्हेनिसची, न पंच केलेली.

"काका, हे काय?"

"तीन बस गेल्या," काका पडद्याच्या घड्या घालत म्हणाले. "तू घोरत होतीस. म्हटलं, व्हेनिस कुठे पळून जातंय? ही पोर परत अशी कधी झोपेल, याचा काय भरवसा?"

"मग सांगितलं का नाही? मी गावभर सांगत सुटले."

"तू छान सांगतेस. लोक हसतात."

आता काकांच्या गुडघ्यांनी विमानाला नकार दिला आहे. तो कोट दाराआड लटकतो, त्याच्या एका खिशात अजून ब्रश आहे. पडदा जाऊबाई लीड्सला घेऊन गेल्या आणि जिन्याच्या भिंतीवर लावला. मी अजून शिफ्ट करते. दर उन्हाळ्यात नवरा म्हणतो, चल, या वर्षी तुला खरंखुरं व्हेनिस दाखवतो, आणि मी हो म्हणते. पण विमानतळाबाहेरच्या त्या बाकावर थोडं बसल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही, आणि शेजारी बसून माझ्यासाठी तीन बस सोडणारे काका तिथे नसतील.