अक्काची बंदूक

राग नाकावर असतो असं म्हणतात. आमच्या अक्काचा राग खरोखरच नाकाने सुरू व्हायचा. ती बंदुकीच्या नळीचं तोंड हुंगायची आणि आत जळालेल्या दारूचा आंबूस वास आला की घरातल्या भांड्यांपासून माणसांपर्यंत सगळे चिडीचूप व्हायचे. नाकपुड्या फुलवलेली, कासोटा खोचलेली, हातात बंदूक धरलेली ती ठेंगणी बाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी अतिशयोक्ती करते असं वाटणार नाही.

अक्का म्हणजे माझी मावशी. एरंडोलजवळच्या एका खेड्यात तिची शेती होती. आम्ही धुळ्याचे. सुट्टी लागली की मी तिच्याकडे. मावसोबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मागे राहिला भुईमूग-मक्याचा मळा, त्यावर येणारी रानडुकरं आणि नळीच्या तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक. परवाना अक्काने हट्टाने स्वतःच्या नावावर करून घेतला होता. दिवेलागणीच्या आधी बांधावर उभी राहून ती आकाशात एक बार काढायची. नुसती दारू, छर्रा नाही. "त्यासले भेव दखाडानं, जीव नही लेवाना," म्हणायची. डुकरांच्या बाबतीत ती दयाळू होती. माणसांच्या बाबतीत नव्हती, आणि माणसांनी तशी पाळी आणली नव्हती असंही नाही.

घरी आली की हातपाय धुण्याआधी बंदूक. बंब पेटवलेलाच असायचा. ठिणगी पाडणारी टोपी बसते त्या बाजूच्या छिद्राला ती कान म्हणायची. नळीच्या तोंडातून पाणी ओतायचं आणि कानातून काळं पाणी मोरीत जायचं. एकदा मी घाईत कोमट पाणी आणलं, तर ते तिने माझ्याच पायांवर ओतलं. "कोमट पानी जवाईले आंग धवाले. बंदूकले उकयतं लागस." मग लोखंडी गजाला चिंधी गुंडाळून नळी घासायची. चिंध्या माझ्या शाळेच्या जुन्या ब्लाउजांच्या. शेवटची चिंधी पांढरी निघाल्याशिवाय गज खाली ठेवायचा नाही. मग नळी कोरडी करून तेलाचा हात. जळालेल्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि पावसाळ्यात एका रात्रीत लोखंड खायला लागते, हे तिला मावसोबांनी शिकवलं होतं. आणि एक नियमही शिकवला होता. "ज्यानी बार काढा, त्यानीच नयी धवानी." मावसोबा स्वतः तापाने फणफणलेले असतानाही बंबाजवळ बसून नळी धुवायचे, असं ती सांगायची. त्या घरात देवाइतकाच तो नियम पाळला जायचा.

बाईच्या नावावर बंदूक ही गोष्ट लोकांना कधी पचली नाही. परवाना वाढवून घ्यायला आम्ही कचेरीत गेलो की तिथला कारकून दात काढायचा. "आजी, आता घरच्या पोराच्या नावावर करून टाका की." एकदा अक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू पयले तुनी खुर्ची तुना पोऱ्याना नाववर कर, मंग मी देखसू," म्हणाली. सही झाली. पण बाहेर आल्यावर तिचा हात थरथरत होता. रागाने थरथरत होता, म्हातारपणाने नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोकांनी नेमकं उलटं सांगितलं.

घरचा पोर म्हणजे तिचा पुतण्या, विलास. दीर नानांचा एकुलता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि विलास नुकताच सरपंच झाला होता. अक्का चतुर्थीला पद्मालयाला गेली होती. तेवढ्यात याने परस्पर बंदूक काढली, गुलालाच्या मिरवणुकीत बार उडवले आणि गुपचूप खुंटीला लावून ठेवली. बाहेरून मात्र खोबरेल लावून अशी चकचकीत पुसली होती की विचारू नका. त्याला वाटलं, झालं.

वीसेक दिवसांनी खंडेनवमी आली. त्या वर्षी भुईमूग-मका लवकर निघाला होता, म्हणून तोवर बंदूक खुंटीवरच होती. विळे, कोयता, पेरणीची पांभर आणि मध्ये पाटावर झेंडूची माळ घातलेली बंदूक. सगळं घर जमलेलं. अक्का हळदकुंकू वाहायला वाकली आणि तशीच थांबली. तिने बंदूक पाटावरून उचलली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी नाकाशी नेली.

"कोनी बार काढा?"

विलास झेंडूच्या पाकळ्या मोडत बसला होता. नाना म्हणाले, "वहिनी, सणना दिन शे. हयदकुकू वाही दे, नयीनी काजय मंग काढसूत."

"मझार काजय नि वर हयदकुकू?" नळीच्या आत बोट दाखवत अक्का कडाडली. "बठ्ठं घरच असं शे तुमनं! विलास, ऊठ. पानी तापाड."

विलास हसला. ते हसू माझ्या अजून डोक्यात जातं. "काकू, मी सरपंच शे. लोके येतीस पाया पडाले. मी मोरीमा बसू का आते?"

नाना उठले, मी धुतो म्हणाले. अक्काने त्यांना हात लावू दिला नाही. बंदूक मांडीवर घेऊन ती बंबाशेजारी बसून राहिली. पाणी उकळत होतं. दुपारचं जेवण झालं, सरपंचांची माणसं आली आणि गेली, विलास तिच्यासमोरून दोनदा फटफटीवर बसून गेला. इकडे नियम होता आणि तिकडे क्षणाक्षणाला गंजणारी नळी होती. दिवस कलला तेव्हा अक्का उठली आणि तिनेच पाणी ओतलं. चिंधी काळी निघाली. मग तपकिरी. मग तपकिरीच. पांढरी काही निघेना. गज ओढता ओढता ती रडत होती, आणि मला जवळ येऊ देत नव्हती. तिला हरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळं घर आत बसून फराळ करत होतं, याचा मला आजही संताप येतो.

नंतर सगळं सरळ झालं, म्हणजे त्यांच्यासाठी. अक्काला नीट दिसत नाही, हात कापतात, असं नानांसकट सगळ्यांनी कचेरीत जाऊन सांगितलं. "मना डोया चांगला शेतस," ती ओरडत राहिली. परवाना विलासच्या नावावर झाला. तो बंदूक न्यायला आला तेव्हा अक्काने गज आणि पांढऱ्या चिंध्यांचं गाठोडंही त्याच्या हातात दिलं. "आते तरी धवत जाय," एवढंच म्हणाली. गज आणि गाठोडं तो ओट्यावरच विसरला. दोन्ही मी उचलून पिशवीत घातली.

अक्का नव्वदच्या दशकात गेली. तोवर मी जळगावला राहत होते. तेराव्याला आले, तर विलासच्या दिवाणखान्यात, रंगीत टीव्हीच्या वर, अक्काचा फोटो आणि शेजारी बंदूक. दोन्हींना सारखेच हार. विलास पाहुण्यांना सांगत होता, "आमची काकू म्हणजे वाघीण."

मी बंदूक उतरवली. बरोबर आणलेल्या पिशवीतून अक्काचा गज काढून आत घातला, तर तो अर्ध्यातच अडला. मागच्या अंगणात तेराव्याच्या स्वयंपाकाचं आधण उकळत होतं. तांब्याभर आणलं आणि सगळ्यांदेखत नळीत ओतलं. कानातून थेंबही आला नाही. पाणी तोंडापर्यंत चढलं आणि तिथेच उभं राहिलं, तांबडं.

"ताई, लोके देखी ऱ्हायनात," विलास दातओठ खात म्हणाला.

मी बंदुकीवरचा हार काढला. फोटोवरचाही काढला. गज त्याच्या हातात दिला.

"पयले धव," म्हटलं. "मंग हार."