खाकी कोटातला माणूस आणि आमच्या शिशुवर्गाचा नाताळ

परवा पणतीच्या प्लेस्कूलमध्ये नाताळ होता. सांगलीतली शाळा, फुगे, केक... आणि दारातून सांताक्लॉज आत आला तशी आमची चिमणी जीव खाऊन किंचाळली. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आला, सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

मीही एकदा नाताळात अशीच दाराकडे बघून थिजले होते. मिरजेला, बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या एका हिवाळ्यात. चार-पाच वर्षांची असेन. काही मला आठवतं, काही आईनं नंतर सांगितलं.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूला. वडील पलटणीत, लढाईवर. मी रांगत होते तेव्हा गेलेले. पुढे चुलते भूमिगत झाले आणि त्यांचा पत्ता काढायला पोलीस घरातल्या बायकापोरांना चावडीवर नेऊन बसवायला लागले.

आई मला घेऊन मिरजेला आली. मिरज तेव्हा संस्थानात, आमच्याकडचे इंग्रज सरकारचे पोलीस तिथं सहसा येत नसत. मिशनच्या एका दवाखान्यात तिला आयाचं काम मिळालं, आणि त्याच आवारातल्या शिशुवर्गात मी बसू लागले.

माझं नाव हौसा. शाळेत आईनं सांगितलं, मंजुळा. रोज वेणी घालताना ती बजावायची, "हौसा म्हणून कुणी हाक मारली तर वळून बगायचं न्हाई. कळलं?" खरं काय ते फक्त शिशुवर्ग चालवणाऱ्या आमच्या मार्थाबाईंना ठाऊक होतं.

मार्थाबाई बारीक अंगाच्या, आवाजही बारीक. नाताळ जवळ आला तशी त्यांनी सुरूची फांदी डब्यात उभी केली आणि वर कापूस पसरला. म्हणाल्या, हा बर्फ... बर्फ त्यांनी तरी कुठं पाहिला होता! आम्ही कणकेच्या खळीनं रंगीत कागदाच्या साखळ्या चिकटवल्या. निम्मी खळ पोरांच्या पोटात गेली.

मग बाईंनी येशूबाळाची गोष्ट सांगितली. राजाचे शिपाई बाळाला शोधत येतात आणि आईबाप त्याला गाढवावर घेऊन रातोरात परमुलखात पळून जातात. बाकीची पोरं गाढवाचं विचारत होती.

"बाई, त्ये शिपाई मिरजंला येत्यात का?" मी विचारलं. बाईंनी मला जवळ ओढून घेतलं, पण नाही म्हणाल्या नाहीत. त्यानंतर मला झोपच लागेना... डोळा लागला की बूट वाजायचे.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या नाटुकल्याची तालीम होती. मी मेंढरू झाले होते, झग्यावर सगळीकडे कापूस टाचलेला. गाणं रंगात आलं आणि बाहेर व्हरांड्यात खरोखरचे बूट वाजले. नाल मारलेले. गावाकडं आमच्या अंगणात वाजायचे, अगदी तसेच.

दारात खाकी कोटातला एक उंच माणूस उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लालभडक. "आवं बाई, हौसा हाय का हितं?"

मी वळले नाही. वळायची गरजच नव्हती, मी त्याच्याकडेच बघत होते... आणि माझा झगा ओला झाला.

बाई पुढे झाल्या आणि त्याच्या-माझ्या मधे उभ्या राहिल्या. "इथं त्या नावाची कुणी नाही."

"न्हाई कशी? दवाखान्यातला वाचमन म्हनला, पोर हितंच असती." तो आत पाऊल टाकणार तोच बाईंनी दोन्ही हात चौकटीला लावले. "मूल मी कुणाच्या हाती देणार नाही. आधी तिथंच थांबा." आवाज तसाच बारीक, पण चौकटीवरचे हात हलले नाहीत. पाठीमागून मला दिसत होतं ना.

बाईंच्या डोक्यावरून त्यानं सगळ्या पोरांवर नजर फिरवली. ती नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली... आणि पुढे गेली. त्यानं मला ओळखलंच नाही.

तेवढ्यात आई धावत आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, तुझ्या पोरीला न्यायला खाकीतला माणूस आलाय. ती वॉर्डातून तशीच पळत सुटलेली, पदराचं भान नाही. दारापाशी येऊन तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आवं... तुमी?"

वर्षभर ज्यांची खुशाली कळली नव्हती, ते माझे वडील होते. रजेवर गावी गेले, तिथं आत्यानं पत्ता सांगितला, तसे आल्या पावली मिरजेची गाडी धरून आले.

"हौसे, बा हाय तुजा!" आई रडत म्हणाली. मी बाईंच्या लुगड्यात आणखीच शिरले. खाकीतला माणूस बाप कसा असेल?

वडिलांनी मला ओढून घेतलं नाही. बूट काढले, कोट काढून बाहेर कठड्यावर टाकला आणि तरटावर, पोरांच्या रांगेत, मांडी घालून बसले. "म्हना रं तुमचं गानं," एवढंच म्हणाले.

गाणं पुन्हा सुरू झालं. शेवटी बाईंनी सगळ्यांना करंज्या वाटल्या आणि एक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाहुण्यांना दे." मी लांबूनच हात पुढे केला. त्यांनी करंजी मोडली, मोठा तुकडा मला परत दिला आणि विचारलं, "नाव काय गं तुजं, मेंढरा?"

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तेव्हा कुठं तोंडातून निघालं... "हौसा."

रजा संपली, वडील परत गेले, आणि लढाई संपल्यावर धडधाकट घरीही आले. माझं नशीब चांगलं.

पण आज मनात येतात त्या मार्थाबाई. दारातला माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं; त्यांच्या लेखी तो पोलीसच होता... आणि तरीही त्या चौकट धरून उभ्या राहिल्या.