डाव्या कानाचं कारण

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, नोंदींचा विभाग होता. तिथल्या बाईंना सगळे पाठीमागे 'कोणताकान काकू' म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावायचा, एवढंच त्यांचं काम. पण नुसतं 'कान दुखतो' असं लिहिलेलं खाली आलं, की काकू ते आल्या पावली वर पाठवत. सोबत चिठ्ठी: कोणता कान? दुखण्याचं कारण सापडलं असेल, तर ते का लिहिलेलं नाही?

"काकूंची चिठ्ठी आली, आता जेवण कसलं गोड लागतंय!" डॉक्टरमंडळी कुरकुरत आणि मुकाट्याने दुरुस्ती करून देत.

काकूंचे दोन नियम होते. डॉक्टरांच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही. 'मार लागला होता का?' असं विचारायचं नाही, 'कारण लिहावे' एवढंच म्हणायचं. आणि घरच्या माणसाची फाइल समोर आली, तर न वाचता शेजारच्या टेबलावर सरकवायची.

त्या मंगळवारी सकाळी त्यांनी फाइल उघडली आणि वर सुनेचं नाव दिसलं. ती तिथल्या तिथे बंद करायला हवी होती. काकूंनी वाचली.

डावा कान दुखतो, ऐकू कमी येतं. पडदा फाटलेला. पू नाही, सूज नाही, कानाच्या नळीत काडीचा ओरखडा नाही. कारण: कान कोरताना, असे पेशंट सांगते. त्याखाली कानाच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, 'सांगणे पटत नाही. उद्या पुन्हा बोलावले आहे, तेव्हा विचारावे.'

तो 'उद्या' म्हणजे आजच.

खरं कारण काकूंना फाइल वाचून कळायचं नव्हतंच. रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघराच्या बंद दाराबाहेर, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या. आत मुलाचा आवाज चढला. मग फाडकन आवाज झाला. आणि लगेच कुणीतरी मिक्सर चालू केला. भांडं पडलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पुढच्या टॉवेलची घडी घातली. संध्याकाळी सुनेने डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला दिसला. "गार वाटतंय, आई," ती म्हणाली. काकूंनी खिडकी लावून घेतली.

आता नुसतं 'कान दुखणे, डावा' एवढा कोड टाकून फाइल मिटता आली असती. कुणी ब्र काढला नसता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फाइलींत असलंच अर्धवट निदान शोधून काढत आलेलं आपलं बोट नेमक्या त्याच बटणावर टेकलंय, हे पाहून काकूंनी हात मागे घेतला. नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेला मुलगा. गुणी म्हणून नातेवाइकांत नाव घ्यावं असा. त्याची नोकरी, त्याची अब्रू, हे घर.

"भाऊ, ही तुमच्याकडे घ्या," त्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाल्या.

"काकू आणि फाइल सोडतायत? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"माझ्या घरची आहे. आणि मी ती वाचलीय, हेही लिहून ठेवा."

भाऊंचं हसू मावळलं. काकू जिना चढू लागल्या होत्या.

कानाच्या विभागाबाहेर बाकावर दोघं बसली होती. मुलगा पुढे झुकून बायकोशी हळू आवाजात बोलत होता. तिची नजर जमिनीवर.

"आई? तू कशाला आलीस वर?" तो चटकन उभा राहिला. "काही विशेष नाही गं. कान कोरायची हिची खोड तुला माहीतच आहे. अर्धा डबा काड्या संपवते!"

तो हसला.

आतून नाव पुकारलं गेलं. सून उठली, तिच्याबरोबर तोही निघाला.

"तू बस," काकू म्हणाल्या. "मी जाते आत."

"अगं, तुझं काम पडलंय खाली..."

"बस म्हटलं ना!"

हा आवाज त्याने शाळा सोडल्यापासून ऐकला नव्हता. तो बसला, पण बाकाच्या अगदी कडेवर.

डॉक्टरीणबाईंनी उजेड टाकून कान पाहिला, खुर्ची जवळ ओढली. "पडदा भरून येईल, पाणी जाऊ देऊ नका. आता मला पुन्हा सांगा, हे कशाने झालं?"

"कान कोरताना," सून म्हणाली.

काकूंच्या ओठांवर मुलाचं नाव येऊन थांबलं. ते आपण उच्चारलं, तर शब्द आपले होतील, तिचे राहणार नाहीत. पण गप्प राहिलं तर रविवारचीच घडी पुन्हा घातल्यासारखं होईल.

"रविवारी मी दाराबाहेर होते," त्या म्हणाल्या. "मला आवाज ऐकू आला होता. मिक्सर लागायच्या आधीचा."

सुनेने मान वळवली. चांगला कान त्यांच्याकडे केला.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग तुम्ही आत का नाही आलात, आई?"

मग सून डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"कोरताना नाही झालं. नवऱ्याने मारलं. आणि ही पहिली वेळ नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. "हे लिहिलं, की मला पुढे पोलिसांना कळवावं लागतं. तुमच्याकडे विचारपूस करायला माणसं येतील. आज इथून कुठे जाणार, तेही ठरवावं लागेल. लिहू?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"आई, झालं का गं?" मुलाचा आवाज, अगदी मऊ. "गाडी भलत्याच जागी लावलीय, उचलून नेतील."

सुनेने खुर्चीचा हात घट्ट धरला. काकू उठल्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आई? अगं, कडी का लावलीस?"

काकू सुनेकडे बघत राहिल्या, आणि सून त्या पेनाकडे.

"लिहा," ती म्हणाली.

काकूंच्या पाठीशी दाराची मूठ फिरली, थांबली, पुन्हा फिरली.