डस्टर आपटला तेवढंच ठळक

बिरादार सरांनी नोट्सची एक प्रत माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "मॅडम, ही पोरगी क्लास सोडून चालली."

लातूरच्या क्लासच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे मजकूर टाइप करून छपाईसाठी पान मांडून देणं. त्याआधी मी नांदेडच्या एका दैनिकात पानं लावायची. सर अहमदपूरचे. मेडिकलच्या 'नीट' परीक्षेसाठी बायॉलॉजी शिकवतात, तेही मराठीतून. त्यांच्या नोट्स छापतो आम्ही, पण मांडणी सरांच्या हुकमाप्रमाणे.

"कोण पोरगी?"

"शीतल. लोह्याची. रिपीटर हाय, दुसऱ्यांदा परीक्षेला बसती. वर्गात विचारलं की पटापट सांगती. नोट्स घेऊन बसली की तेच पान घोळत राहती. रविवारी वडील न्यायला येऊन राहिलेत."

मी प्रत उघडली. पानं पिवळीजर्द. सरांनी जवळपास प्रत्येक ओळ ठळक करून घेतली होती, त्यावर चौकटी, त्यावर चांदण्या. थांबायचं कुठं हेच न कळल्यानं शीतलनं हायलायटरनं अख्खं पान रंगवलं होतं. मांडवात सगळ्यांनीच हळद फासून घेतली तर नवरदेव कोणता, हे कसं कळणार?

"सर, सगळंच बोल्ड कशाला?"

"सगळंच इम्पॉर्टंट हाय! एखादी ओळ सोडली आन् पेपरात तीच आली तर?"

"आणि इतकं दाटीवाटीनं?"

"पालक पानं चाळून बघतात, मॅडम. कोरी जागा दिसली की म्हणतात, मास्तर कामचुकार हाय."

मला सरांचा राग आला. त्या न पाहिलेल्या पोरीसाठी जीवही तुटला. येत असलेलं सगळं या पानांत अडकून पडलं होतं बिचारीचं.

"एक चॅप्टर माझ्या पद्धतीनं लावू द्या," मी म्हटलं. "नाही पटलं तर तुमच्या चांदण्या परत."

किडनीचा चॅप्टर घेतला. आधी ओळींमधलं अंतर वाढवलं. याला आम्ही लीडिंग म्हणतो. मराठीत ते मुद्दाम बघावं लागतं, कारण आपल्या अक्षरांना वरही मात्रा आणि खालीही उकार. सरांच्या पानात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसत होता. मग जस्टिफाय काढलं. जस्टिफाय म्हणजे दोन्ही कडा रेषेत आणणं. दिसतं छान, पण एखादा लांबलचक शब्द खालच्या ओळीत गेला की वरची ओळ ताणली जाते आणि शब्दांमध्ये भोकं पडतात. मी उजवी कडा मोकळी सोडली. ओळी आखूड केल्या. लांब ओळ संपवून परत येताना डोळा पुढची ओळ चुकतो, वर्तमानपत्रात कॉलम असतात ते त्यासाठीच. बाजूला रुंद समास ठेवला, परिच्छेद तोडले, प्रत्येकाला छोटं शीर्षक दिलं.

राहिलं बोल्ड. सरांना म्हटलं, लाल पेनानं फक्त महत्त्वाचं दाखवा. ते दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पान लालभडक झालं होतं.

"लई कमी केलं बघा," सर म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. "शीतललाच आणा."

शीतल आली. चेहरा उतरलेला, नजर खाली. मी विचारलं, "यातलं ठळक काय करू गं?"

तिनं सरांकडं चोरून पाहिलं. "सर डस्टर आपटतात तेवढंच."

"मी कवा आपटतो?" सर चमकलेच.

"पहिल्या बाकावर आमच्या तोंडावर खडू उडतो, सर." ती पहिल्यांदाच हसली. मग ओळींवरून बोट फिरवायला लागली. "इथं आपटला. इथं न्हाई. इथं लई जोरात."

सर बघतच राहिले. महत्त्वाचं काय ते त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. हातात पेन आलं की मात्र त्यांना भीती वाटायची. मी तेवढेच शब्द ठळक केले.

रविवारी शीतलचे वडील बॅग घ्यायच्या तयारीनंच आले. लोह्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. सर त्यांना आणि शीतलला घेऊन माझ्याकडं आले. वडिलांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, हे अर्धं कोरंच हाय की."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हतो? मी पान शीतलच्या हातात दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, पान काउंटरवर पालथं घातलं आणि बोलायला लागली. मध्येच अडकली. तिनं डोळे मिटले, काउंटरवर तळहात आपटला, आणि पुढचं सगळं धडाधड सांगितलं.

वडील म्हणाले, "मला यातलं काय कळत न्हाई, ताई. पण पोरगी मान वर करून बोलून राहिली. फोनवर नुसती रडायची." आणि लेकीला म्हणाले, "चल, हॉस्टेलवर सोडतो."

सरांनी सगळ्या नोट्स नव्यानं लावून घेतल्या. नीटच्या निकालानंतर शीतलला नांदेडला बीएएमएसला प्रवेश मिळाला. सरांबरोबर पेढे द्यायला आली तेव्हा नोट्सही दाखवायला आणल्या होत्या. समास तिच्या अक्षरांनी भरून गेले होते.

"ही तुमची कोरी जागा," मी सरांना म्हटलं.

सरांनी मान डोलावली आणि अभिनंदनाच्या बॅनरचा मजकूर पुढं केला. शीतलचा फोटो, वडिलांच्या नावासकट तिचं नाव, क्लासचं नाव, सरांचं नाव, पत्ता. सगळं बोल्ड, वर चांदण्या!

"यातलं एकच ठळक होईल, सर. कोणतं?"

सर पेन घेऊन घुटमळले. शीतलनं आपल्या नावापुढच्या वडिलांच्या नावावर बोट आपटलं. "त्या रविवारी त्यांनी बॅग उचलली न्हाई, सर."

ठळक करायला एक बटन पुरतं, बाकीचं साधं ठेवायला धीर लागतो. सरांनी एक सुस्कारा सोडला आणि पेन खिशाला लावलं.